घरात माणसं किती?

“घरात माणसं किती?” कुत्र्यांची पिल्लं विकणाऱ्या बाईंनी विचारलं.

“तिघं,” बाप म्हणाला.

समोरच्या बाकावर चौघं बसली होती. बाप, त्याची बायको, त्या दोघांची पाच वर्षांची धाकटी, आणि अगदी टोकाला थोरली. थोरली बापाच्या आधीच्या लग्नाची. राहायची आपल्या आईकडे, आणि एकाआड एक शनिवार-रविवार इकडे यायची. बाईंनी चारही चेहरे पाहिले.

“अहो, चौघं म्हणा ना,” बायको हळूच म्हणाली.

“अगं, राहणारे किती ते विचारतायत त्या.”

थोरलीने ते ऐकलं. तिला ऐकू जाणार नाही असं बापाला का वाटलं, देव जाणे. तिला दमा होता; पण दम्याने छाती भरते, कान बिघडत नाहीत.

बरं, हाच बाप गेले कित्येक दिवस फोनवर साखर पेरत होता. केस न गळणारा कुत्रा घेऊ, म्हणजे तुला त्रास नाही. मग सुट्टीत अख्खा महिना ये. कॉकापू की लॅब्राडूडल, दोन्ही पूडलच्या संकराचेच, तूच ठरव, तुझ्यासाठीच तर घेतोय. पोरीने ते खरं मानलं. ती वाचत बसली, फोटो पाहत बसली. आईबापांपैकी एक कुरळ्या, न गळणाऱ्या केसांचा पूडल असला तरी सगळीच पिल्लं पूडलवर जात नाहीत, हेही तिने बापाला सांगून ठेवलं. तो “हो हो” म्हणाला होता. त्याचं “हो हो” किती पाण्यात असतं, ते तिला एव्हाना कळायला हवं होतं.

बाईंची रीत सरळ होती. ज्याला त्रास होतो त्याने आधी पिल्लाजवळ बसायचं, त्याच्या केसांत तोंड खुपसायचं, आणि मग वाट बघायची. आतल्या खोलीत जुनी वर्तमानपत्रं अंथरली होती. थोरली त्यावर मांडी घालून बसली. बाईंनी कॉकापूचं काळं, कुरळं पिल्लू तिच्याजवळ सोडलं. ते थेट मांडीत चढलं आणि तिच्या बाहीचं बटण चघळायला लागलं. ती बराच वेळ त्याच्या मानेत नाक खुपसून बसली. शिंक नाही, खाज नाही, काही नाही.

“बाबा, हाच!” ती म्हणाली. आनंदाने तिचा आवाज चिरकला.

पण तोवर धाकटीने दुसऱ्या कोपऱ्यातून एक सोनेरी लॅब्राडूडल उचलून आणलं होतं. “मला हा! मला हाच पाहिजे!”

“तो लॅब्राडॉरवर गेलाय,” बाई म्हणाल्या. “केस सरळ आहेत त्याचे. घरभर गळणार.”

“बघू तर खरं,” म्हणत बापाने काळ्याला बाजूला केलं आणि सोनेरी पिल्लू थोरलीच्या मांडीत ठेवलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त हात बापाचा आणि अवलक्षण लेकीच्या वाट्याला. थोड्याच वेळात तिचे डोळे लाल झाले, नाक वाहायला लागलं आणि छातीतून बारीक शिट्टी वाजू लागली. तिने खिशातला पंप काढून ओढला.

“ठीक आहेस ना?” बापाने विचारलं. असे प्रश्न विचारणारे उत्तरही आधीच समोरच्याच्या तोंडात कोंबून ठेवतात.

“ठीक आहे,” थोरली सवयीने म्हणाली.

“अहो, ठीक काय?” बाई उसळल्या. “पोरीचे डोळे बघा!”

“होतं तिला असं. तिच्या आईकडून आलंय ते. आणि ती काय रोज थोडीच असते आमच्याकडे? येताना एक गोळी घेतली की झालं.”

“अहो, पण आपण आलो कशासाठी इथे?” बायकोने विचारलं.

“अगं, धाकटी लहान आहे. रडून घर डोक्यावर घेईल.”

“आणि ही?”

“ही समजूतदार आहे.”

समजूतदार! ज्याचं काढून घ्यायचं त्याला आधी समजूतदार म्हणायचं, ही घरोघरची जुनी लबाडी. भांडणाऱ्याच्या ताटाला कुणी हात लावत नाही. गप्प बसणाऱ्याच्या ताटातलं मात्र हसत हसत उचलतात, वर त्याचं कौतुकही करतात. थोरली बारा वर्षांची होती आणि हे कौतुक ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांच्या नजरेने बाप चरफडला.

“बरं बाबा, काळा तर काळा,” तो थोरलीला म्हणाला. “तुझ्यापायी धाकटीची समजूत घालत बसतो आता. झालं समाधान?”

थोरली उठली. सोनेरी पिल्लू तिने जपून धाकटीच्या हातात दिलं, धाकटीचा हात नीट त्याच्या पोटाखाली धरवला. मग स्वेटरवरचे केस झटकले. ते काही सगळे निघाले नाहीत.

“नको. सोनेरीच घ्या, बाबा.”

“अगं, मग तू सुट्टीत कशी येणार?”

“घरात माणसं तीन,” ती म्हणाली. दम लागत होता, तरी शब्द न शब्द स्वच्छ होता. “तिघांनाही तोच आवडलाय.”

आणि ती दाराबाहेर गेली.

बापाने बायकोकडे पाहिलं. तिने बाकावरची थोरलीची पिशवी उचलून खांद्याला लावली होती.

“दोघांना,” ती म्हणाली, आणि थोरलीच्या मागे निघाली.