समोरचं पातं

घार आपटून वाकलेलं पातं ढोबळ्यांनी विमानाच्या इंजिनाच्या पंख्यातून हलकेच ओढून काढलं. मग पंखा हातानं अर्धा फेरा फिरवून त्यांनी बरोब्बर समोरचं पातंही सोडवायला घेतलं.

“काका, ते तर ठणठणीत आहे!” हँगरमध्ये नव्यानंच लागलेली रुबीना म्हणाली.

“असू दे. ह्या पात्यांनी मागं लोटलेल्या हवेच्या जोरावर विमान पुढं जातं, पोरी. आणि पाती बसवतात ती समोरासमोर, वजन जुळवून. एक गेलं की दुसरं एकटं ठेवून चालत नाही. पंखा थरथरतो, अख्खं इंजिन हादरतं. म्हणून नवी जोडीच बसवायची.”

काढलेल्या प्रत्येक पात्याला चिठ्ठी बांधायची असते. पहिल्याच्या चिठ्ठीवर कारणापुढं त्यांनी लिहिलं, ‘घार आपटली.’ दुसऱ्याच्या चिठ्ठीवर, ‘दोष काही नाही. जोडीचं पातं गेलं.’

दुपारी कॅन्टीनमध्ये रुबीनानं आपला डबा त्यांच्यापुढं सरकवला. बायको गेल्यापासून ढोबळे डबा आणत नसत.

“स्वेच्छानिवृत्ती घेताय म्हणे? नजर शाबूत, हात पक्का, अजून चार वर्षं बाकी. तुम्हाला झालंय काय, काका?”

ढोबळ्यांनी खिशातून अर्ज काढून टेबलावर पसरला. आठवडाभर उलगडून, पुन्हा घडी घालून तो मऊ पडला होता. सगळे रकाने भरलेले होते, एक ‘कारण’ सोडून. त्यांनी पेन काढलं आणि सावकाश लिहिलं, ‘दोष काही नाही. जोडीचं माणूस गेलं.’