धावपट्टीवरचा काटा

सेइनी वजनकाट्यावर चढली, तशी लोसेने मान फिरवली आणि समुद्राकडे पाहिले. काटा कुठे थांबतो ते तिला बघायचेच नव्हते. झाडाखाली बसलेल्या बायका मात्र माना उंच करकरून बघत होत्या.

"अगं बाई, सेइनी, उरलीस किती!" त्यांतली एक ओरडली. "वाऱ्यानं उडशील. तुला विमान कशाला हवं?"

सगळ्या खदखदल्या. लोसेच्या अंगाचा तिळपापड झाला.

बेटावरची धावपट्टी गवताची आणि आखूड. विमान एवढेसे, पंधरवड्यातून एकदा येणारे. त्यात माणसे मोजून घेत नाहीत, तोलून घेतात. आज दोन जागा रिकाम्या होत्या आणि काट्यापाशी दोघी बहिणी उभ्या होत्या. राजधानीत भावाकडे आईने अंथरूण धरले होते. उशीर करू नका, असा भावाचा निरोप होता.

गेल्या वर्षी वडील तिथेच वारले तेव्हाही दोनच जागा होत्या. दोघींचे वजन मिळून फार भरले. काटा सांभाळणारा विलियामी खाली बघत म्हणाला, एकीलाच जाता येईल. लोसे थोरली, आणि अंगानेही थोरच. थोरलीनेच समजून घ्यायचे असते, असे झाडाखालून कोणीतरी बोलले. लोसे मुकाट्याने गाठोडे उचलून बाजूला झाली. पुढचे विमान आले तोवर वडील मातीआड झाले होते.

सेइनी परतली ती केस कापून. बाप गेला की त्याला माती देताना लेकींचे केस आत्यानेच कापायचे असतात. आत्याने सेइनीचे कापले. लोसेची वेणी तशीच राहिली, कमरेपर्यंत. रोज सकाळी ती विंचरायची आणि धाकटीचे कापलेले केस बघून जळायची.

त्यातच सेइनीने नवे खूळ काढले. अळकुड्या नकोत, कोनफळ नको, साबुकंद नको, पाव तर नकोच नको. नुसते मासे, अंडी आणि अळूची पाने. भल्या पहाटे उठून धावपट्टीच्या कडेने पळायची. आधी गाव हसले. रविवारी चर्चमधून आल्यावर जेवणाला नाही म्हणणारी बाई आजवर कोणी पाहिली नव्हती. मग सेइनीचे पोट आत गेले. बेटाच्या रिवाजाप्रमाणे कमरेला बांधायच्या चटईची दोरी पूर्वी जेमतेम पुरायची, ती आता दोन वेढे घेऊ लागली. हसणाऱ्या बायकाच मग तिला वाटेत गाठून विचारू लागल्या, "काय खातेस गं तू?"

ती का वाळतेय, ते लोसेने ओळखले होते. आई थकत चालली होती. बोलावणे आले आणि पुन्हा एकीलाच जाता आले, तर मान हलकीचा. वडिलांना हिनेच पोचवले. आता आईलाही हीच पोचवणार आणि थोरली पुन्हा झाडाखाली.

म्हणून लोसेने डाव टाकला. रोज संध्याकाळी ती पिठाचे गोळे उकडायची आणि नारळाच्या दुधाचा दाट गोड पाक करून त्यांवर ओतायची. सेइनीचा लहानपणापासून त्या गोळ्यांवर जीव. भांडे तिच्या नाकाशी नेऊन लोसे म्हणायची, "एक खाल्लास तर काही मरत नाहीस. थोरलीचा मान तरी राख."

"नको गं ताई." सेइनी आवंढा गिळायची आणि उठून बाहेर निघून जायची.

अन्न टाकायचे कसे? भांडे लोसेच पुसून काढायची. रागाच्या भरात चार गोळे जास्तच जायचे.

सेइनी काट्यावरून खाली उतरली.

"या, लोसेताई," विलियामी म्हणाला.

"मी नाही चढायची!" लोसेचा आवाज फाटला. "एकदा तमाशा झाला तेवढा पुरे. जाऊ दे हिलाच. याच दिवसासाठी वाळलीय ती."

"हो. याच दिवसासाठी," सेइनी म्हणाली. "चढ आता."

लोसे चढली. विलियामीने काटा पाहिला, मनातल्या मनात बेरीज केली आणि वाकून गाठोडी उचलली. दोन्ही.

"चला, दोघी बसा."

"दोघी?"

"गेल्या साली दोघींचं मिळून जेवढं जास्त भरलं होतं ना, तेवढं हिनं एकटीनं उतरवलंय. दर शनिवारी इथं येऊन तोलून जायची."

लोसेला काट्यावरून उतरायचे भान राहिले नाही. "मग मला का नाही बोललीस?"

"जमेल की नाही, माझं मलाच ठाऊक नव्हतं. तुला आशा लावायची आणि पुन्हा गाठोडं उचलायला लावायचं?"

लोसेच्या डोळ्यांपुढे ते गोळ्यांचे भांडे आले. "विलियामी, नीट बघ रे. माझं वाढलं असेल."

"वाढलंच आहे," विलियामी म्हणाला. "तेही हिनं हिशेबात धरलं होतं."

सेइनीने पुढे होऊन थोरलीचा हात धरला आणि तिला खाली उतरवले.

"धरणार नाही तर काय करणार, ताई? रोज तू ते गोळे खायला बसलीस, की मी धावपट्टीला आणखी एक चक्कर मारून यायचे."