शेजारची सीट

जुनी जर्मन गाडी घ्यायची की नाही, हे माझ्या मेव्हण्यावर सोपवलं होतं. त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. त्यानं बॉनेट उघडून इंजिन ऐकलं आणि मान डोलावली, "टकाटक आहे."

मी चक्कर मारायला एकटाच बसलो. गाडी सुरू करताच शेजारच्या रिकाम्या सीटच्या बेल्टचा अलार्म वाजू लागला.

"सेन्सर बिघडलाय," म्हणत मेव्हण्यानं खिडकीतून हात घालून तो बेल्ट लावून टाकला. आवाज थांबला.

पण बेल्ट सीटला टेकत नव्हता. सिग्नलला थांबलो तेव्हा पाहिलं, तो सावकाश पुढे येत होता, मागे जात होता. श्वासासारखा. बेल्ट जुना, सैल झाला असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

परत आल्यावर बायको उत्साहानं म्हणाली, "आता मी पुढे बसणार!"

तिनं दार उघडलं. तिचा हात पोचण्याआधीच बेल्ट खट्कन सुटला.

ती बसली. लेक मागच्या सीटवर चढली आणि अलार्म पुन्हा वाजू लागला. आता मागून.

"अगं, दाराला काय चिकटलीस? मध्ये सरक की," बायको म्हणाली.

लेक जागची हलली नाही. हळूच म्हणाली, "कशी सरकू?"