येण्यास हरकत नाही

“सावळीराम, पुन्हा चुकलं.” टायपिस्ट चिमाजीने मशीनवरचे हात उचलले. “‘जाण्यास’ पाहिजे. तुम्ही सांगताय ‘येण्यास’.”

“चुकलं नाही. तसंच मारा.”

नाशिकच्या कोर्टाबाहेर बसून चिमाजीने शेकडो घटस्फोट टाइप केले होते, सावळीरामचाही त्यानेच. पण ब्याऐंशी सालच्या त्या मे महिन्यात त्याने हात टेकले. सावळीरामची आधीची बायको चांगुणा हिला मस्कतच्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली होती. आठ वर्षांची लेक विशाखा तिच्याबरोबर जाणार होती. मुलगी दोघांची, असा कोर्टाचा हुकूम. तेव्हा बापाची लेखी संमती हवी. बापाची ना नव्हतीच. फक्त ‘जाणे’ हा शब्द त्याच्या तोंडून निघत नव्हता. घरातून निघताना ‘येतो’ म्हणावं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मग सरकारी कागदावर लेकीला ‘जा’ कसं म्हणायचं?

पहिल्या पत्रात त्याने लिहिलं, ‘मुलीच्या मस्कतला येण्यास हरकत नाही.’ पासपोर्ट कचेरीने विचारलं, संमती देणारा मस्कतला राहतो काय? दुसऱ्यात त्याने ‘जाऊन येण्यास’ घातलं. कचेरीने येण्याची तारीख मागितली. त्याने कळवलं, ‘शाळेला सुट्टी लागली की.’ कागद परत. गंमत म्हणजे सावळीराम नाशिक रोडला प्रेसमध्ये कामाला होता आणि तिथे पासपोर्टच छापत. हजारो लोक त्याच्या हाताखालून परदेशी गेले, तेव्हा याला कधी काही वाटलं नाही. आता पोटच्या पोरीपाशी गाडं अडलं होतं.

चांगुणाला पंधरवड्यात हजर व्हायचं होतं. आज पत्र झालं नाही तर नोकरी तरी सोडायची, नाही तर लेक तरी. ती बाकावर बसली होती. घटस्फोट झालेल्या नवऱ्याला काय म्हणून हाक मारतात हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. त्यामुळे ती चिमाजीशीच बोलली.

“त्यांना म्हणावं, एका शब्दापायी पोरीचं नुकसान नका करू.”

“तिला म्हणावं,” सावळीरामही चिमाजीलाच म्हणाला, “पाच वर्षांपूर्वी पेटी उचलून उंबऱ्यात ‘जाते’ कोण म्हणालं होतं? एकच शब्द होता तोही.”

चांगुणाने मान खाली घातली. तिखटमीठ लावलेली कैरी खाता खाता विशाखा ऐकत होती. ती बापाजवळ आली.

“बाबा, शाळेत जाताना मी रोज ‘येते’च म्हणते. तरी शाळेत जातेच ना? तुम्ही कागदावर ‘जाते’ लिहा. मी तोंडानं ‘येते’ म्हणते.”

सावळीराम चिमाजीकडे वळला.

“मारा ‘जाण्यास’,” तो म्हणाला. सही करताना त्याने कागदाकडे पाहिलं नाही.

चांगुणाने पत्र पर्समध्ये नीट घडी करून ठेवलं. रिक्षात बसताना विशाखा ठरल्याप्रमाणे म्हणाली, “येते, बाबा.”

“येते हं,” पाठोपाठ चांगुणाही म्हणून गेली. मग तिने जीभ चावली, पण तोवर रिक्षा सुटली होती.

सावळीराम रस्त्याकडे बघत उभा राहिला. चिमाजीने मशीनवर कोरा कागद चढवला.

“बाईंच्या येण्याचं काय लिहू?”

“हरकत नाही,” सावळीराम म्हणाला. “कार्बन घालून मारा.”