बुडबुडा

ठोका थांबला. नवव्यांदा.

सूक्ष्मदर्शकाखाली काडेपेटीएवढी चिप. तिच्यात केसाएवढ्या बारीक दोन वाटा. एक आईची, एक बाळाची. मध्ये नाळेच्या पेशींचा पडदा. बाळाच्या वाटेवर हृदयाच्या पेशींचा एक ठिपका, तो आपला धडधडत असायचा. लॅबमध्ये चिपला सगळे ‘बाई’ म्हणत. गळती लागली की ‘बाई रुसल्या’. आता त्याचं हसू येत नव्हतं. आईच्या वाटेने रक्तदाबाची गोळी विरघळवून सोडली, की चाळीस मिनिटांत पलीकडचा ठिपका गप्प. डोळे मिटले तरी तिला, हा प्रयोग करणाऱ्या मुलीला, तो दिसायचा. जेवताना. अंघोळ करताना. बसची वाट बघताना.

सर चहाचा कप घेऊन आत आले. औषध सोडलं की ते हमखास बाहेर जायचे.

“बुडबुडा असणार,” ते दारातूनच म्हणाले. “लिहून टाक.”

वाटेत हवेचा बुडबुडा अडकला की पेशी उपाशी मरतात. तो प्रयोग धरायचा नाही, हा लॅबचा नियम. वहीत आठ वेळा तिच्याच अक्षरात ‘बुडबुडा’ लिहिलेलं होतं. सर सांगतात म्हणून निमूट लिहिलेलं. तिला स्वतःची शिसारी आली.

“सर, आज सुरुवातीपासून चित्रीकरण केलंय. बुडबुडा नाहीये. बघा तुम्हीच.”

“बघायची गरज नाही.”

“गरज नाही की हिंमत नाही? पोटुशा बायका रोज गिळतायत ही गोळी. गोळीच्या कंपनीने तोंड शिवलंय का तुमचं?”

सरांशी असं कुणी बोललं नव्हतं. उद्या नोकरी जाणार, हे तिला दिसत होतं. गेली खड्ड्यात. तिने वही ओढली. आधीच्या आठही नोंदींपुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि नवव्या ओळीत दाबून लिहिलं: बुडबुडा नाही. गोळीने थांबलं.

सरांनी अडवलं नाही. कप टेबलावर ठेवला, वाकले, भिंगाला डोळा लावला. बराच वेळ तसेच राहिले. त्या ठिपक्यात बघण्यासारखं आता काहीच नव्हतं.

“माझी बायको ही गोळी नको म्हणत होती,” ते मान वर न करता म्हणाले. “सातवा महिना होता. मी म्हटलं, यातलं तुला जास्त कळतं की मला?”