कुलूप धरून बसलेलं नाव

काळ्या पडद्यावर एकूण चारशे तेरा सत्रं होती. चारशे बारा थांबलेली आणि त्यांना अडवून धरणारं एक. प्रत्येक सत्र म्हणजे आपल्या आठवणी उघडून बसलेला एक माणूस, कारण साथीनंतर शहराच्या आठवणी डोक्यात नव्हे, या संगणकी कोठारात राहत होत्या. अडकलेली माणसं अकरा मिनिटं घास गिळायचंही विसरून बसली होती.

"अडवणाऱ्याचं नाव वाच," पाळीप्रमुख तावडेबाई म्हणाल्या. नाव मोठ्यानं वाचल्याशिवाय सत्र तोडायचं नाही, असा इथला शिरस्ता होता.

पडद्यासमोर बसलेल्या निनादनं आज्ञा टाइप केली. "सुलभा केळुसकर."

"तुझी आई?"

"रोज दुपारी माझं लहानपण उघडून बसते. आज नुसतं बघायला नव्हे, चुकून दुरुस्तीला उघडलंय, म्हणून सगळ्यांना कुलूप बसलं. मधेच तोडलं तर उघडी आठवण जाते, तिच्यातून मी पुसला जाईन. फोन लावा ना तिला, ती स्वतःच बंद करेल."

बाईंनी दोनदा लावला. तिनं उचलला नाही.

"बाळा, तेराव्या मिनिटाला लोक श्वास घ्यायचं विसरतील."

त्यानं नाव पुन्हा वाचलं आणि कळ दाबली. थांबलेली सत्रं शून्यावर आली. मग त्यानं आईची नोंद उघडली. सकाळी तिथे मुलं दोन होती, तो आणि धाकटी गार्गी.

आता आकडा एक होता.