गुरुवारी पडणारी रेघ

मिरचीच्या पैशांसाठी एक पाटली मी सुनेकडं काढून दिली होती, दुसरी मनगटात अडकली होती. लेक व्यापाऱ्याला फोन लावत होता.

“आत्याबाई, आपल्या मसाल्याच्या वेबसाइटवर महिन्यात हजार भेटी झाल्या,” सून लॅपटॉपवरचा आलेख दाखवत म्हणाली. “ऑर्डरी येणारच. ट्रकभर मिरची आजच घेऊया.”

मी चौथी शिकलेली, पण चढउतार मला कळतो. “ही रेघ दर आठवड्याला जमिनीला टेकते. कोणता वार?”

“गुरुवार.”

“का, गुरुवारी गिऱ्हाइकाला उपास असतो?”

विचारता विचारता माझं मलाच उमगलं. गुरुवारी गावचा बाजार, आमच्या मसाला-कांडपाच्या चाळीस बायकांना सुट्टी. त्यांना मीच दटावलं होतं, रोज कामाआधी देवाला हात जोडता तसं मोबाइलवर आपली वेबसाइट उघडायची, तरच हजेरी लागेल.

“व्यापारी लाइनवर आहे आई, किती सांगू?”

आजवर मी कुणापुढं चुकले म्हटलं नव्हतं.

“फोन ठेव. त्या हजार भेटी आपल्याच बायकांच्या. मीच करायला लावल्या.”

मग सुनेपुढं हात केला. “आण ती पाटली. आणि हसलीस तर बघ.”